ओझ्याची वाट

खैरटेंभीच्या पुरुषांना डोंगराची वाट विचारली, इथंच सगळं चुकलं. कोणत्या भिंतीला टेकून बसलं की उन्हाची तिरीप लागत नाही, ते त्यांना विचारा, बिनचूक सांगतील. पण ज्यांनी जन्मात कधी मोळी आणली नाही, गवताचा भारा आणला नाही, त्यांना डोंगराची वाट काय ठाऊक असणार? डोंगरात ते जायचे ते हात पाठीमागं बांधून, हरवलेली म्हैस बघायला. रिकाम्या माणसाला काय, सरळ घळीतून चढलेलंही परवडतं. म्हणून पुण्याच्या मंजुश्री मॅडम मोबाइल हातात धरून गावात आल्या आणि पारावरच्या मंडळींना वरच्या तलावाची वाट विचारू लागल्या, तेव्हा पाच जण एका सुरात म्हणाले, घळीतून. शंकररावांनी तर पुढं होऊन ती दाखवलीसुद्धा.

मॅडमचा दोष नव्हता. त्यांना नकाशा काढायचा होता. पिंपळगाव राजाच्या बाजाराला जाणारं हे गाव, मागं अजिंठ्याच्या रांगेतला डोंगर, आणि डोंगरात एकाखाली एक असे तीन तलाव. खालचा गावाला लागून, मधला डोंगराच्या खांद्यावर, वरचा पठारावर. शहरातल्या लोकांनी सुट्टीला यावं, तिन्ही तलाव पायी हिंडावेत, पाखरं पाहावीत, गावचं जेवण जेवावं आणि गावाला चार घास मिळावेत, अशी सरकारी योजना आली होती. नाव ‘तीन तलाव भ्रमणमार्ग’. समितीचे अध्यक्ष अर्थातच शंकरराव. गावात समिती निघाली आणि शंकरराव तिचे अध्यक्ष नाहीत, असं गेल्या वीस वर्षांत झालेलं नव्हतं.

नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला, तेव्हा दीपमाला तो बघायला गेली. बराच वेळ तिला स्वतःचं घर सापडेना. खालचा तलाव निळा होता, वरचा निळा होता, दोन्हींच्या मधून लाल रेघ घळीतून सरळ वर चढली होती. मधला तलाव एका कोपऱ्यात सांडलेल्या शाईएवढा दिसत होता आणि त्याच्या काठी, जिथं भीमनगरची बत्तीस घरं आणि निळ्या कमानीचं बुद्धविहार होतं, तिथं नुसता हिरवा रंग भरला होता. बत्तीस घरं माणसांसकट हिरवी करून टाकली होती. तिला राग आला आणि तो पुढं पाच महिने उतरला नाही.

दीपमालाचं माहेर लोणार तालुक्यातलं बीबी. लग्न होऊन ती भीमनगरात आली तेव्हा डोंगर तिनं लांबूनच पाहिलेला. आल्याच्या आठवड्यात सासूनं, तानाबाईनं, तिच्या डोक्यावर चुंबळ ठेवली, चुंबळीवर मोळी ठेवली आणि पुढं चालायला लावलं. पोरगी रडकुंडीला आली. पण चालता चालता तिच्या ध्यानात आलं, की ही वाट कुठंच अंगावर येत नाही. चढ आला की वळसा घेते, वळसा संपला की थोडी सपाट होते, आणि दम आता तुटतो म्हणावं तिथं बरोबर खांद्याइतक्या उंचीचा, माथा सपाट असलेला दगड उभा. त्याला पाठ लावायची, मान किंचित मागं झुकवायची, की ओझं आपसूक दगडावर उतरतं. कोणाला हाक मारायला नको. घाम पुसला, पाणी प्यालं, की पुन्हा तसंच पाठमोरं उभं राहून डोक्यावर घ्यायचं. तानाबाई त्याला इसाव्याचा दगड म्हणायची. गाव ते वरचा तलाव असे तीन होते. तानाबाईच्या सासूच्या काळात बायकांनीच ते पहारीनं सरकवून उभे केलेले. दुसरा दगड भीमनगरात, विहाराच्या अंगणाला लागून.

त्या वाटेचे कायदेही होते. कोणी लिहिले नव्हते, पण मोडत कोणी नव्हतं. ओझेवाली समोरून आली की रिकाम्यानं वाट सोडायची. आणि ओझेवाल्या रांगेनं चालल्या असल्या, की पुढची जिथं टेकवेल तिथं सगळ्यांनी टेकवायचं. तिला कोणी चल म्हणायचं नाही. कुठं थांबायचं, किती थांबायचं, ते तिचं.

आता दीपमाला छत्तीस वर्षांची होती. बारावी झालेली, नवरा देवानंद खामगावला जीप चालवायचा. योजना आली तेव्हा बुलढाण्याला दहा दिवसांचं गाइडचं प्रशिक्षण झालं, त्यात ती पहिली आली. एकशे दहा पाखरांची नावं पाठ केली, त्यातली निम्मी तिला आधीच माहीत होती, फक्त पुस्तकातलं नाव वेगळं होतं. गळ्यात घालायचं कार्ड मात्र समितीच्या सहीनं मिळणार होतं. समिती म्हणजे शंकरराव.

तर ती नकाशा बघून थेट शंकररावांकडे गेली आणि वाट भीमनगरातून का नाही म्हणून विचारलं. शंकरराव गोड माणूस. वस्तीवर संडास नाही म्हणाले. बायकांनी महिन्याभरात दोन संडास उभे केले, फरशीसकट. मग म्हणाले, कुत्री फार. कुत्री खैरटेंभीतही होती, पण ती बहुतेक अध्यक्षांच्या ओळखीची असावीत. मग म्हणाले, वाट लांबते. चौथ्या खेपेला, बाकीचं कोणी जवळ नाही असं बघून, हळूच म्हणाले, की पाहुणे शेगावचं दर्शन करून येणारे असतात, त्यांचे नेम असतात, जेवणाखाण्याचं आपल्यालाच सांभाळून घ्यावं लागतं. तू शिकलेली आहेस, तुला वेगळं सांगायला नको.

वेगळं सांगायला नकोच होतं. घरी येताना तिला वाटेत दोनदा थांबावं लागलं, आणि डोक्यावर काहीही नव्हतं.

तिनं मॅडमना फोन केला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, खरंच वाईट वाटल्यासारख्या बोलल्या, पण समितीचा ठराव असेल तरच रेघ हलवता येईल म्हणाल्या. जानेवारीच्या पहिल्या रविवारी जिल्ह्याचे साहेब वीस पाहुण्यांबरोबर मार्ग चालून बघणार होते. त्याच दिवशी नकाशावर सही. सहीनंतर लोखंडी पाट्या रोवल्या जाणार, छापील नकाशे निघणार, आणि पुढची पाच वर्षं कोणी त्याला हात लावणार नाही. म्हणजे जे काय व्हायचं ते एका रविवारात. नाही तर भीमनगर पाच वर्षं हिरवंच.

डिसेंबर संपता संपता शंकरराव स्वतः भीमनगरात आले. आत नाही, कमानीपाशी. अडचण अशी होती, की पाहुण्यांचं जेवण वरच्या तलावावर ठरलं होतं. रोडगे, वांग्याची भाजी, वरण, भात, कढी. मोठमोठ्या गंजांत, पातेल्यांत रांधणार गावातला बचत गट. पण घळीतून ट्रॅक्टर चढत नाही, आणि जेवण वर न्यायचं म्हटल्यावर गावातल्या समस्त पुरुषांची कंबर एकदम दुखू लागली होती. तेव्हा वस्तीवरच्या आठ बायका द्याव्यात, मजुरी रोख देऊ, आणि दीपमालाचं कार्ड त्याच दिवशी साहेबांच्या हातून, टाळ्यांच्या गजरात.

दीपमाला कमानीबाहेर आली.

“आमच्या हातचं चालत नाई, अन् डोक्यावरचं चालते काय, काका?”

शंकरराव हसले. असं हसणं त्यांना चांगलं जमायचं. “तसं नाई पोरी. सोयीचं पाहा लागते.”

ती हो म्हणाली. ते ऐकून शंकररावांनाही थोडं आश्चर्य वाटलं असावं, कारण ते जाताना दोनदा वळून बघत गेले.

वस्तीत मात्र भडका उडाला. शेजारची कोकिळा विळा टाकून अंगणात आली आणि तोंडाला येईल ते बोलली. पाच महिने पाय घासले, संडास बांधले, आन् शेवटी त्यांचेच गंज वाहायले तयार झाली? दीपमालानं तिला बोलू दिलं. मग तिनं आपलं म्हणणं मांडलं. जेवण न्यायचं, पण घळीतून नाही, आपल्या वाटेनं. पाहुणे घळीतून धापा टाकत वर येतील, तोवर आपण डोक्यावर ओझं घेऊन थंडपणे पोचलेल्या असू. मॅडमला डोळ्यांनी दिसेल वाट कोणती खरी.

तानाबाई ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. सत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले, पण कान शाबूत. तिनं मान वर केली नाही.

“आन् पोचल्यावर काय म्हणशीन तू?”

“काय म्हणणार? जेवा म्हणीन.”

“मंग ते जेवतीन. पोट भरल्यावर कोणी वाट पाह्यते काय?”

तानाबाईनं दोन शेंगा सोलल्या, मग म्हणाली, “इसावा कुठी घ्यायचा, हे ओझेवाली ठरवते. मी तं तेवढंच शिकली.” आणि पाटी घेऊन ती आत गेली. बाकीच्या बायका दीपमालाकडे बघत राहिल्या आणि दीपमाला दुसऱ्या दगडाकडे. पण तिनं त्या दिवशी काही ठरवलं नाही. तिला ते कार्डही हवं होतं. खोटं कशाला बोला, खूप हवं होतं. दहा दिवस लॉजच्या खाटेवर बसून पाखरं पाठ केली होती ती काही गंज वाहायला नाही.

रविवार उजाडला. साहेब, मॅडम आणि पाहुणे नऊ वाजता गावात आले. कोणी अकोल्याचे, कोणी पुण्याचे, पायात जाड बूट, पाठीवर पिशव्या. शंकररावांनी फेटा बांधला होता. टाळ्या, फोटो, नारळ, भाषण, आणि मग सगळे घळीकडे निघाले. दीपमाला कडेला उभी होती. प्रशिक्षणात ओळख झालेले एक गृहस्थ तिला म्हणाले, तुम्ही नाही का आमच्याबरोबर? ती म्हणाली, मी जेवणाबरोबर आहे.

अकराला बचत गटानं स्वयंपाक हवाली केला. रोडग्यांची दोन टोपली, भाजीचा गंज, वरणाचा गंज, भात दोन पातेल्यांत, कढी, आणि ताटं-वाट्यांचं गाठोडं. आठ ओझी. भांड्यांना हात लावताना गटातल्या बायकांनी नजर खाली घातली होती, तेवढंही बरंच म्हणायचं. दीपमालानं वरणाचा गंज घेतला, सगळ्यांत जड आणि सगळ्यांत डचमळणारा. पहिलीला नेहमी तोच द्यायचा असतो, कारण तिच्या चालीवर बाकीच्यांची चाल.

पहिला दगड खालच्या तलावाच्या सांडव्यापलीकडे. तिथं टेकवलं, पाणी प्यालं, पुन्हा घेतलं. वाट पळसांतून वळसा घेऊन वर चढू लागली. थंडीचं ऊन होतं. मागून कोकिळा काहीतरी बडबडत होती आणि बायका हसत होत्या. दीपमालाला मात्र चुंबळीखाली कपाळ ठणकत होतं. डाव्या हाताला, खूप वर, घळीतून माणसांचे आवाज येत होते. दगड निसटल्याचा आवाज आला, मग कोणीतरी ओरडलं, मग सगळे एकदम बोलू लागले. घळ अशीच आहे. चढताना छाती भरते आणि उतरताना जीव हातात.

मधल्या तलावाचं पाणी दिसलं. मग निळी कमान. मग दुसरा दगड. अंगणात तानाबाई उभी होती, काठीवर दोन्ही हात ठेवून. तिनं कसली खूण केली नाही. दीपमालानं दगडाला पाठ लावली, मान मागं झुकवली, आणि गंज दगडावर बसला. मागं सात ओझी ओट्यांवर, कठड्यावर, जिथं जागा मिळेल तिथं टेकली. बायकांनी पदरानं मान पुसली. पाणी प्यायल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. कोणी चल म्हणालं नाही. कायदाच होता तसा.

पंधराव्या मिनिटाला दीपमाला दगडाजवळून उठली आणि विहाराच्या पायरीवर जाऊन नीट मांडी घालून बसली. तेव्हा कोकिळाला समजलं. तिनं तोंडावर हात घेतला, आणि मग ती सगळ्यांसाठी चहा टाकायला गेली.

दीड वाजता शंकररावांचा फोन आला. जेवण कुठं अडलं म्हणून विचारत होते, आवाजात साखर होती. दीपमालानं सांगितलं, की जेवण मधल्या तलावावर आहे, गरम आहे, ज्यांना भूक लागली त्यांनी यावं. शंकररावांना आधी वाटलं पोरी दमल्या. मग वाटलं मजुरी वाढवून हवी. मग त्यांना खरं ते उमगलं आणि साखर संपली.

“कार्ड पायजे का नाई तुले?”

“पायजे होतं. ठेवा आता तुमच्यापाशी. पाहुण्यांले वाट पुसत पुसत घेऊन या.”

फोन बंद झाला. तिला भीती वाटत होती. पण भीतीपेक्षा मोठं असं काहीतरी आत उभं राहिलं होतं आणि ते आता बसायला तयार नव्हतं.

अर्ध्या तासानं वरून चार गडी घळीतून उतरून, आडरानानं वळून आले. पुढं पंजाबराव, शंकररावांचा पुतण्या, दंडावर ताईत आणि अंगात रग. तो म्हणाला, आम्हीच नेतो. बायका म्हणाल्या, न्या की. कोणी आडवं आलं नाही. दीपमाला पायरीवरून उठलीही नाही.

पंजाबरावानं वरणाच्या गंजाला हात घातला. डोक्यावर घ्यायचा म्हणून दगडावरून ओढून छातीशी घेतला आणि तिथंच अडला, कारण छातीपासून डोक्यापर्यंत गंज एकट्यानं कसा न्यायचा हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. दगड समोर उभा होता. त्याला पाठ लावायची असते हे त्याला माहीत नव्हतं, आणि कोणी सांगितलंही नाही. अर्धा शेर वरण त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर आलं. मग दोघांनी मिळून दोन बाजूंनी कान धरले आणि निघाले. वीस पावलांवर वाट अरुंद झाली. ती वाट एका बाईच्या रुंदीची आहे. शंभर वर्षं त्या वाटेनं एकामागं एक बायकाच चालल्या, दोघांना जोडीनं चालायला तिथं जागाच नाही. एक जण करवंदीच्या जाळीत गेला, दुसऱ्यानं गंज खाली ठेवला, आणि दोघं तिथंच एकमेकांवर खेकसू लागले.

कोकिळा हसू दाबायला घरात गेली. तानाबाई मुळीच हसली नाही. ती काठी टेकत त्यांच्यापर्यंत गेली आणि पंजाबरावाला म्हणाली, “राहू दे बाप्पा. तुह्या आज्यालेबी जमलं नसतं.”

वर पठारावर काय झालं ते नंतर कळलं. घळीतून चढताना अकोल्याच्या एका बाईंचा घोटा मुरगळला होता, दोघांनी परत उतरायला साफ नकार दिला होता, आणि सगळ्यांचं पाणी संपत आलं होतं. वाट बघून बघून मंजुश्री मॅडमनी शंकररावांना विचारलं, की जेवण जिथं आहे तिथं जायला घळ सोडून दुसरी वाट आहे का. शंकरराव म्हणाले, नाही. नेमका त्याच वेळी पठारावर शेळ्या राखणारा मोतीराम म्हणाला, हाये की, ही काय, बायांची. आणि बोट करून दाखवली.

तीनच्या सुमाराला ते सगळे भीमनगरात उतरले. मॅडम सगळ्यांत पुढं, मोबाइल समोर धरून, पावलागणिक बघत. घोटा मुरगळलेल्या बाई कोणाचा हात न धरता येत होत्या. मॅडम दुसऱ्या दगडापाशी थांबल्या, वळून वर बघितलं, खाली बघितलं. इतक्या सोप्या चढाची वाट कोणत्या इंजिनियरनं आखली म्हणून त्यांनी विचारलं. तानाबाई म्हणाली, कोणाच्याच डोक्यातून नाही निघाली, डोक्यावरच्या ओझ्यातून निघाली. मॅडम हसल्या नाहीत. त्या दगडाच्या माथ्यावरून हात फिरवत राहिल्या. ओझी घासून घासून तो माथा गुळगुळीत झाला होता.

मग जेवणं झाली. विहाराच्या अंगणात पंगत बसली. रोडगे गावचे, पाणी भीमनगरच्या आडाचं, आणि ठेचा तानाबाईच्या हातचा, कारण गाववाले ठेचा पाठवायला विसरले होते. ज्यांच्या नेमांची भीती शंकररावांना होती, ती माणसं भीमनगरच्या हातांनी वाढलेलं मजेत खात होती. अकोल्याच्या बाई आदल्या दिवशी शेगावला जाऊन आल्या होत्या, गळ्यात अजून तुळशीची माळ होती. त्यांनी ठेचा तीनदा मागून घेतला आणि कसा करता म्हणून विचारलं. कोणाचे हात, हे एकानंही विचारलं नाही. म्हणजे नेम होते ते पाहुण्यांचे नव्हते. ते कुणाचे होते, हे अंगणातल्या प्रत्येकाला दिसत होतं. तो माणूस कमानीबाहेर फेटा मांडीवर घेऊन बसला होता आणि रिकामी बाटली पुन्हा पुन्हा तोंडाला लावत होता.

दीपमाला तांब्या घेऊन कमानीपर्यंत गेली. त्यांच्यासमोर ठेवला. शंकररावांनी तो घेतला नाही. तिनं उचललाही नाही. तांब्या तिथंच राहिला.

जेवण झाल्यावर साहेबांनी नकाशा उघडला. माणूस वाईट नव्हता, पण खुर्चीत मुरलेला होता. त्यांनी मॅडमना विचारलं, समितीला विचारलं, आणि मधला मार्ग काढला. लाल रेघ घळीतून राहील, समितीचा ठराव तसा आहे. भीमनगरातून तुटक रेघ काढू, पर्यायी मार्ग म्हणून. पोरी, तुझाही मान राहिला, असं ते म्हणाले.

दीपमाला उभी राहिली. इतक्या लोकांसमोर ती कधी बोलली नव्हती.

“साहेब, घळ पर्यायी हाये. ही वाट हाये. तुमी उलटं लिवून राह्यले, तं लिवा. आमाले पुसलं तं आमी हेच सांगू.”

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि सही केली. तुटक रेघेसकट. कार्डाचा विषय कोणी काढला नाही. रिकामी भांडी गावात न्यायची होती. बायकांनी ती उचलली नाहीत आणि त्यांना कोणी उचला म्हणालं नाही. पंजाबराव आणि ते तिघं गडी ती हातात लटकवून घेऊन गेले, दोन खेपांत.

कोणी म्हणेल, मग जिंकलं कोण? त्या रात्री भीमनगरातही हाच वाद चालला. कोकिळा म्हणाली, तुटक तर तुटक, बत्तीस घरं नकाशावर आली. तानाबाई म्हणाली, तुटक रेघेवर मी पाय देत नाही, मी वाटेवर देते. दीपमाला रडली, कार्डासाठी. नंतर जेवली.

पण माणसांचे गुडघे ठराव वाचत नाहीत. पुढच्या रविवारी अकोल्याहून नऊ जण आले. अकोल्याच्या बाईंनी सांगितलं होतं. गावात लोखंडी पाटी रोवलेली होती, लाल बाण घळीकडे, खाली बारीक अक्षरात पर्यायी मार्ग. नऊ जण पाटी वाचून पर्यायी मार्ग कुठं म्हणून विचारत भीमनगरात आले, जेवले, दीपमालाकडून पाखरांची नावं विचारून घेतली. त्याच्या पुढच्या रविवारी चौदा आले. फेब्रुवारीत एका रविवारी एकवीस. घळीतून गेले ते कॉलेजची चार पोरं, आणि ती परत येताना बायांच्याच वाटेनं उतरली.

शंकररावांना ते बघवेना. मार्चच्या पहिल्या रविवारी ते समितीचा शिक्का मारलेला कागद घेऊन पाटीपाशी खुर्ची टाकून बसले. बाजूला पंजाबराव. दीपमाला पिंपळगावच्या बाजारातून येत होती, डोक्यावर किराण्याचं बोचकं, आणि फाट्यावर भेटलेले सतरा पाहुणे मागून. शंकररावांनी हात आडवा केला. कागद वाचून दाखवला. समितीच्या ओळखपत्राशिवाय कोणीही पाहुण्यांना मार्ग दाखवू नये, दाखवल्यास कारवाई होईल. मग ते तिच्या गळ्याकडे बघत म्हणाले, “कार्ड दाखव.”

एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पुढं येऊन काही म्हणायला तोंड उघडलं, दीपमालानं त्यांना हातानंच थांबवलं.

“नाई माह्यापाशी.”

“मंग ह्या लोकायले कुठी घेऊन चालली?”

“मी कोणालेच नाई घेऊन चालली, काका. मी माह्या घरी जाऊन राह्यली. मागून कोणी येत असंन तं येऊ द्या.”

तिनं बोचकं जरा सारखं केलं आणि चालू लागली. मागं बुटांचे आवाज येत होते की नाही, ते बघायला ती वळली नाही.